मोटार बंद केली का?

आमच्या घरात एक वाक्य इतक्या वेळा बोललं गेलंय की ते देव्हाऱ्यावर लिहून ठेवायला हरकत नव्हती. "मोटार बंद केली का?" जेवताना, झोपताना, लग्नाला निघताना, एसटीत बसल्यावर सुद्धा. एकदा तर येरमाळ्याच्या पुढे गेल्यावर आईला आठवलं आणि अण्णा खाली उतरून उलट्या दिशेच्या जीपनं घरी परत गेले होते. मोटार बंदच होती! लग्नाचं जेवण मात्र हुकलं.

तर मंडळी, आजचा विषय मोटार. आणि तिच्या निमित्तानं, ते आजकाल ज्याला स्मार्ट होम म्हणतात ते प्रकरण. गेली काही वर्षं मी सुट्टीत गावी गेलो की सोल्डरिंग गन घेऊन बसतो, हे नातेवाइकांना माहीत आहेच. (काही जणांच्या घरचे मिक्सर मी उघडून तसेच ठेवलेत, त्यांची इथंच जाहीर माफी मागतो.) त्यातून जे शहाणपण आलं, थोडं उशिरा आलं, ते लिहितोय.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेरखेडा, तालुका वाशी. जिल्हा पूर्वीचा उस्मानाबाद, २०२३ पासून धाराशिव. सोलापूर-धुळे रस्त्यावर लागतं. बाहेर कुणाला गावाचं नाव सांगितलं की "अरे, ते फटाक्यांचं का?" हा प्रश्न ठरलेला. हो, तेच. दिवाळीत तुम्ही जो भुईनळा उडवता तो आमच्याकडच्या कुणीतरी हातानं भरलेला असू शकतो. दुसरी गोष्ट सहसा कुणी विचारत नाही. ती म्हणजे तेरणा नदी आमच्याच भागातून उगम पावते. नदी इथून निघते, तेरला जाते, पुढे मांजरेला मिळते. उगम आमचा आणि पाणी पुढच्यांचं, असा हा व्यवहार आहे. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येणार, हा आमच्याकडे मोठ्या चर्चेचा विषय असतो.

घराची रचना सगळ्यांच्या घरासारखीच. अंगणात जमिनीत हौद, स्लॅबवर हजार लिटरची काळी टाकी, मधे अर्ध्या एचपीची मोटार. नळाचं पाणी हौदात, हौदातलं टाकीत. टाकी भरली की पाणी शेजारच्या भिंतीवरून वाहायचं आणि काकू ओरडायच्या, "भरली गं तुझी टाकीऽऽ." हा आमचा पहिला सेन्सर. उत्तम चालायचा. अडचण एकच, काकू मुलाकडे सोलापूरला राहायला गेल्या.

अण्णा गेल्यानंतर आई एकटी राहते. पुण्याला ये म्हटलं की चार दिवस येते आणि पाचव्या दिवशी तिला गोठ्याची आठवण येते. (गोठ्यात आता काहीही नाही.) गुडघे दुखतात, तरी टाकी किती भरली हे बघायला लोखंडी शिडीनं स्लॅबवर चढायची. एका पावसाळ्यात घसरली. सुदैवानं मनगटावर निभावलं. तेव्हा ठरवलं की हे शिडीचं काम बंद करायचं.

मी काय केलं तर, आधी सगळ्यात अवघड वाट धरली. ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला साधं उत्तर पहिल्यांदा सुचतच नाही. टाकीच्या झाकणाला आतून अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला. हा वटवाघळासारखा आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो आणि वेळेवरून पाणी किती खोल आहे ते कळतं. त्याला ईएसपी८२६६ नावाची वाय-फायची चिप जोडली. बोटाच्या पेराएवढी असते आणि दोन-तीनशे रुपयांत मिळते. तिच्यापुढे रिले आणि रिलेपुढे मोटार. मोबाईलवर टाकीचं चित्र, निळं पाणी वरखाली होतंय. मी पुण्यात मित्रांना दाखवत फिरलो, की बघा, हे आमच्या घरचं पाणी!

तीन आठवडे चाललं. मग उन्हानं टाकी तापली, आत वाफ धरली, सेन्सरवर थेंब साठले आणि त्याला टाकी कायम भरलेली दिसायला लागली. मोटार लागेना. ते निस्तरतोय तोवर रिले चिकटला. त्यावर १० अँपिअर लिहिलेलं होतं, पण ते बल्ब-हीटरसारख्या साध्या लोडसाठी. मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट क्षणभर ओढते. तेवढ्यात आतले पॉइंट वितळून एकमेकांना चिकटतात. मग चिपनं कितीही "बंद हो" म्हटलं तरी ऐकणार कोण? रात्रभर मोटार चालली, टाकी वाहिली, हौद रिकामा झाला आणि शेवटी मोटार कोरडी फिरून जळाली. आईनं फोनवर एवढंच सांगितलं, "वाईंडिंगला टाकली हाय. आणि तुझं ते डबडं काढून ठेवलंय."

पुढच्या खेपेला गावातल्या वायरमननं जे केलं ते सांगतो. वायरला लोंबणारा एक प्लॅस्टिकचा फ्लोट टाकीत सोडला, दुसरा खाली हौदात, आणि मधे कॉन्टॅक्टर. वरचा फ्लोट पाण्यावर आडवा झाला की मोटार बंद. खालचा पाण्याविना लोंबला तरी बंद. ना वाय-फाय, ना मोबाईल. त्यानं एक वस्तू स्वतःहून वाढवली, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. ओल्या अंगणात मोटारीला हात लागून करंट गळायला लागला तर हा पापणी लवायच्या आत सप्लाय तोडतो. घरातल्या सगळ्या यंत्रांत माणसाचा जीव वाचवणारं यंत्र हेच, आणि माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. तुम्ही हे वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ती ही करा. बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. :)

आई शिडीवर चढायची थांबली. इथपर्यंत गोष्ट गोड आहे.

पण मला चैन पडेना. कारण दुसरा त्रास तसाच होता. नळाला पाणी यायची वेळ नक्की नसायची. तीन-चार दिवसांनी एकदा यायचं आणि तेही कधी पहाटे तीनला, कधी रात्री अकराला. जोर इतका कमी की हौदापर्यंत येता येता दमायचं. म्हणून आळीत बहुतेकांनी नळाला टिल्लू पंप लावलेले, आम्हीही. (नळाला थेट पंप लावायला परवानगी नसते, हे मला ठाऊक आहे. खोटं कशाला बोलू, आमच्याकडे होता.) पाणी येण्याच्या रात्री आई झोपायचीच नाही. दर तासाला उठून नळ उघडून बघायची.

हे तर अगदी सोपं काम! नळाच्या पाइपात पाणी आल्याचं ओळखणारा सेन्सर, पाणी आलं की टिल्लू सुरू, हौद भरला की बंद. यावेळी कॉन्टॅक्टर लावला, फ्लोट लावला, सगळं वायरमनला दाखवून केलं. पहिल्याच खेपेला हौद काठोकाठ भरला आणि आई सकाळी सहापर्यंत झोपलेली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा! मला फोनवर तिचा आवाज ऐकून इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

दीड महिन्यानं गावी गेलो तर यंत्र जागेवर नव्हतं. आईनं वायरी सोडवून, जुन्या धडप्यात गुंडाळून, फडताळात ठेवलं होतं. मला वाटलं पुन्हा बिघडलं. म्हणाली, बिघडलं न्हाई. चांगलं चालायचं. म्हणूनच काढलं.

झालं होतं असं. आमचं घर आळीच्या वरच्या अंगाला. सगळ्यात खाली, उतारावर, एका मावशींचं घर. मोलमजुरी करतात, पंप नाही. पूर्वी पाणी आलं की कुणीतरी जागं व्हायचं, ओरडायचं, सगळी आळी उठायची. आई अर्धा हौद भरला की टिल्लू बंद करायची आणि खाली हाक द्यायची, "घ्या गं आता." मग वरचे दोन-तीन पंप बंद व्हायचे आणि मावशींच्या नळाला धार लागायची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. कुणी ठरवलेलंही नव्हतं. अनेक वर्षांच्या भांडणातून आणि समजुतीतून ते आपोआप बसलं होतं. मलाच ते माहीत नव्हतं, कारण मी त्या वेळी झोपलेला असायचो.

माझं यंत्र पहाटे तीनला पाणी येताक्षणी सुरू व्हायचं आणि हौद काठोकाठ भरेपर्यंत थांबायचं नाही. कारण मी त्याला तेवढंच सांगितलं होतं. आई झोपलेली, हाक कोण देणार? माझं बघून आळीतल्या अजून दोघांनी वायरमनकडून तसंच बसवून घेतलं. तिसऱ्या खेपेला मावशी दोन घागरी घेऊन आमच्या दारात आल्या. भांडल्या नाहीत. हौदातून घेऊ का, एवढंच विचारलं.

"त्या दारात येऊन मागायला लागल्या, ते मला बरं वाटलं न्हाई," आई म्हणाली. "पाणी त्यांच्या नळाचं, आणि मागायचं आपल्याला?" आणि मग, "तुझं यंत्र हुशार हाय रे. पर त्याला शेजार न्हाई."

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतोय. कारण हेच आमच्या शिवारात किती वर्षं चाललंय, आणि ते मी डोळ्यांनी बघूनही मला कळलं नव्हतं.

शेतीच्या मोटारीला जो स्टार्टर असतो त्यात एक कॉइल असते. वीज गेली की ती सुटते आणि वीज परत आली तरी मोटार आपणहून लागत नाही. कुणीतरी जाऊन हिरवं बटण दाबावं लागतं. हा दोष नव्हे, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. पण कित्येक वर्षं शेतीला थ्री फेज पाळीनं मिळायची, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. (सौर वाहिन्या आणि सौर पंप आल्यापासून काही ठिकाणी दिवसा मिळते.) रात्री बाराला लाइट येणार, दोनदा जाणार, पुन्हा येणार. प्रत्येक वेळी काट्याकुट्यातून, साप-विंचवातून विहिरीवर जायचं. ज्यानं हे केलंय त्याला ऑटोस्विचची किंमत विचारा. वीज आली की हा डबा आपणहून बटण दाबतो. आळशीपणा नाही तो, जीव वाचवायची गोष्ट आहे. माझ्या चुलत्यांनी फार पूर्वीच बसवला आणि मला तेव्हा ते शिवारातले शास्त्रज्ञ वाटायचे.

आता जरा हिशेब करू. ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपला डीपी, साधारण ८८ अँपिअर पेलतो. पाच एचपीची मोटार चालताना साधारण साडेसात-आठ अँपिअर घेते. दहा मोटारी असतील तर झाले ७५-८०. बसतंय काठावर. पण सुरू होताना पाच-सहा पट! एकेक करून लागल्या तर डीपी सहन करतो. दहाही डब्यांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर मागणी चारशेच्या वर जाते. मग फ्यूज उडतो. फ्यूजऐवजी कुणी जाड तार टाकलेली असेल, आणि ती असतेच, तर डीपीच जातो. पुढचे दिवस वर्गणी, ट्रॅक्टर, चकरा आणि डोळ्यांदेखत करपणारं पीक. प्रत्येकानं फक्त स्वतःची झोप वाचवली होती. कुणाचंच चुकलं नव्हतं आणि सगळ्यांचं मिळून चुकलं होतं. ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगते ते यामुळेच. आपण ते सरकारी सूचना म्हणून ऐकतो आणि सोडून देतो.

याच त्रासावर पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' काढलं. मोटारीच्या स्टार्टरला मोबाईलचं यंत्र जोडायचं, घरून फोन लावायचा, तिकडे लाइट आहे का ते कळतं आणि मोटार चालू-बंद करता येते. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं होतं. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी, की ते विहिरीपर्यंतची चाल वाचवतं, पण 'आता लावू का नको' हे माणसाकडेच ठेवतं. चाल वाचवणं वेगळं आणि निर्णय काढून घेणं वेगळं. माझी चूक नेमकी इथं झाली होती. आईची झोपमोड वाचवायची होती. मी त्याबरोबर तिची हाकही काढून टाकली.

तेरखेड्याच्या माणसाला खरं तर हे सांगायला नको. फटाक्याची वात म्हणजे एक प्रकारचं ऑटोमेशनच. पेटवून दूर व्हायचं, पुढचं काम आपोआप. पण पेटलेल्या वातीला परत बोलावता येत नाही. म्हणून पेटवण्याआधी आजूबाजूला कोण उभं आहे ते बघायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. घरातलं यंत्र सुरू करताना मात्र आपण फक्त आपल्या हौदाकडे बघतो.

आणखी एक मत, ते थोडक्यात. जे यंत्र परक्या कंपनीच्या सर्व्हरवर चालतं त्याच्या भरवशावर पाणी ठेवू नका. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा घरातली यंत्रं एकत्र चालवणारा डबा होता. ती कंपनी २०१४ मध्ये गुगलच्या नेस्टनं घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. लोकांनी पैसे मोजून घेतलेला डबा एका दिवसात निकामी! आमच्याकडे तर त्याआधी लाइट जाईल, लाइट गेली की राउटर जाईल. घरातलं काम घरातच झालं पाहिजे. आणि यंत्र मेलं तरी साध्या बटणावर मोटार लागली पाहिजे. आईला अंधारात चाचपून सापडेल असं बटण.

आमच्या एका भाच्याला हे सगळं पटत नाही. तो म्हणतो, मामा, तू यंत्र काढलंस म्हणून मावशींना पाणी मिळालं का? बाकीच्या दोघांची चालूच आहेत. मग आजीनंच का जागायचं? पाइपलाइन नीट नाही, जोर नाही, तो प्रश्न पंचायतीचा. तू त्यावर तत्त्वज्ञान कसलं सांगतोस? त्याचं खोटं नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा आहे. ते उताराच्या शेवटच्या घरापर्यंत जोरात आलं तर टिल्लू, सेन्सर, हाक, काहीच लागणार नाही. मोठा प्रश्न वरचाच आहे. पण तो सुटेपर्यंत आपल्या हातातलं यंत्र तो प्रश्न वाढवतंय की कमी करतंय, एवढं तरी आपलं आपण बघू शकतो. भाच्याला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. मलाही पूर्ण वाटत नाही. असो.

शेवटी काय केलं ते सांगतो. फडताळातलं यंत्र काढलं, टिल्लूची वायर तोडली आणि तिथं घंटा जोडली. शाळेत असते तशी, कर्कश. नळाला पाणी आलं की घंटा वाजते. आई उठते, आणि आवाज असा आहे की आळीही उठते. दर तासाला उठून बघणं संपलं, आता एकदाच उठायचं. टिल्लू ती हातानं लावते, पण त्याला टायमर आहे, वीस मिनिटांत आपोआप बंद. पुन्हा लावायचा तर पुन्हा बटण दाबायचं, म्हणजे तेवढ्यात खाली हाक जाते. ज्या दोघांनी माझं बघून यंत्र बसवलं होतं, त्यातल्या एकानं टायमर लावून घेतला. दुसरा म्हणाला, बघू.

टिल्लू अजून काढलेला नाही. ते लिहायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

आता तात्या, हे तुमच्यासाठी, कारण तुम्ही हे वाचणार आणि लगेच फोन करणार. ऑटोस्विच काढा असं मी तुम्हाला म्हणत नाही. या वयात रात्री विहिरीवर जा म्हणायचा मला अधिकार नाही. पण बहुतेक ऑटोस्विचमध्ये वीज आल्यावर किती वेळानं मोटार लावायची ते ठरवता येतं. आपल्या डीपीवरच्या दहा जणांनी तो वेळ वेगवेगळा ठेवला, पहिल्याचा एक मिनिट, दुसऱ्याचा दोन, असं दहापर्यंत, तर सगळ्या मोटारी एकदम उठणार नाहीत. आणि प्रत्येक मोटारीला कपॅसिटर. खर्च फार नाही. अडचण एवढीच की दहा जणांना एका बांधावर बसवायचं, आणि दहाव्या मिनिटाचा नंबर कुणी घ्यायचा ते ठरवायचं.

दिवाळीला येतोय, स्क्रू ड्रायव्हर घेऊन. दहावा नंबर आपण घेऊ.